धुतलेल्या पन्न्या

"थांब रे कवडू, सुकल्या नाईत अजून," असं म्हणत सुमनबाई दोरीवरच्या दुधाच्या पिशव्या एकेक करून चाचपू लागल्या.

कवडूने घंटागाडीचं गाणं बंद केलं. ग्रामपंचायतीने दिलेली ही बॅटरीवरची गाडी. मागे दोन डबे, ओल्या कचऱ्याला हिरवा आणि सुक्याला निळा. गाणं वाजलं की गल्लीतली माणसं नाकाला पदर नाहीतर दुपट्टा लावून बाहेर येत आणि बादली लांबूनच उपडी करत. कचरा डब्यात पडतो की कवडूच्या अंगावर, याची फिकीर कोणी करत नसे. सुमनबाईंची तऱ्हा वेगळी होती. त्या जुन्या अंगणवाडीसेविका, गावातली निम्मी पोरं त्यांच्यासमोर बसून आकडे शिकलेली. नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, पण शिस्त काही निवृत्त झाली नाही. दुधाची पन्नी त्या राखेने धूत, चिमटा लावून वाळवत, तिची घडी घालत. मूठभर जमल्या की नवऱ्याच्या, केशवरावांच्या, जुन्या चौकड्याच्या लुंगीची चिंधी फाडून बिंडा बांधत आणि तो कवडूच्या हातात देत. डब्यात नाही, हातात.

"हे पाय, टोक सुटं नाई केलं," त्यांनी एक पन्नी त्याच्यासमोर धरली. "नुसता चिरा देल्ला. माह्या पोरानं, अश्वजितनं, फोनवर सांगतलं होतं. टोक सुटं झालं का ते कोनाले दिसत नाई. मातीत जाते, नाईतर गाईच्या पोटात."

"हो जी बाई."

"नागपूरची गाडी आलती का?"

"आलती न जी. परवाच."

"मंग बेंचचं इचारलं?"

सुमनबाईंनी हातात दिलेला बिंडा कवडूने निळ्या डब्यात असा अलगद ठेवला, जशी काही आत अंडीच होती. "इचारलं. पुढच्या खेपेले सांगतो मने."

सुमनबाईंचा चेहरा खुलला. कवडूने घाईघाईने गाणं लावलं आणि गाडी पुढे काढली. त्या बाईंनी आणखी काही विचारलं असतं तर तो त्यालाही 'हो जी' म्हणाला असता, आणि त्याला स्वतःची भीती वाटत होती ती याचीच.

नागपूरची गाडी परवा आली नव्हती. गेल्या दिवाळीतही नव्हती. खरं सांगायचं तर नागपूरची अशी गाडी कधी आलीच नव्हती. तालुक्याला एकदा घंटागाडीवाल्यांचं प्रशिक्षण झालं, तिथे समोशाच्या जोडीला एक फिल्म दाखवली. पन्न्या मशीनमध्ये जातात, वितळतात आणि दुसऱ्या बाजूने बसायचे बेंच बाहेर येतात! कवडूला ती फिल्म फार आवडली. त्यामुळे सुमनबाईंनी पहिल्याच दिवशी "या जातेत कुठी?" असं विचारलं, तेव्हा त्याने ती फिल्मच रंगवून सांगितली. तेव्हा ती थाप नव्हती. सुका कचरा न्यायला तालुक्याहून एक टेम्पो येतही असे, आणि माल पुढे नागपूरला जातो असं त्याचा ड्रायव्हर म्हणे. पुढे तो यायचा बंद झाला. कवडू ग्रामपंचायतीत विचारायला गेला की सचिव मोबाइलवरची नजर न काढता "पाहू" म्हणत. मग हिरवा डबा आणि निळा डबा, दोन्ही बोडीच्या पाळीमागे सांडव्याला लागून असलेल्या एकाच खड्ड्यात रिकामे होऊ लागले. बोडी म्हणजे गावचं लहानसं तळं, पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. तिकडे सकाळच्या पारी कवडूशिवाय कोणी फिरकत नसे.

सचिवांनी जे केलं ते सचिव जाणोत. सुमनबाईंना मात्र थापा मारल्या कवडूने, आणि त्याही कोणी न सांगता.

बेंचचं वेड त्यांच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. केशवराव लाइनमन होते. उभा जन्म खांबावर चढण्यात गेला आणि म्हातारपणी गुडघ्यांनी दावा साधला. औषधाला भंडाऱ्याला जायचं तर गावच्या फाट्यावर बसची वाट पाहत उभं राहावं लागे. पूर्वी तिथे मैलाचा दगड होता, त्यावर टेकता यायचं. रस्ता रुंद झाला आणि तो दगडही गेला. केशवराव काठीवर भार टाकून उभे राहत आणि बस दिसली की "आली महारानी" म्हणत. एका दुपारी महाराणीला उशीर झाला आणि ते तिथेच कोसळले. त्यानंतर खाटेवरून उठले नाहीत.

"आपल्या गावच्या पन्न्यांचा एक बेंच आपल्यालेच मांगू," सुमनबाई म्हणायच्या. "फाट्यावर ठेवू. नाव-गाव नको कोनाचं. मानसाले बसाले भेटलं पाह्यजे, बस."

नुसतं म्हणून त्या थांबल्या नाहीत. गल्लीत घरोघर जाऊन त्यांनी बायकांना दोन बादल्या ठेवायला लावल्या. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खोटं वाटत असन तं ह्या कवडूले इचारा. तो सोता पाठवते." सगळ्या माना कवडूकडे वळल्या. त्याच्या हातात खिरीची वाटी होती. खीर अर्धी टाकून त्याने वाटी खाली ठेवली. आज इतक्या लोकांत आपलं नाव मानाने घेतलं गेलं, याचं त्याला मनातून सुखही वाटलं, आणि त्या सुखाचीच त्याला नंतर जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकायचं असं ठरवून तो त्यांच्या फाटकाशी गेला. तोंड उघडणार तोच सुमनबाईंनी कमरेला खोचलेली सुतळी काढली. तिला दोन ठिकाणी गाठी मारल्या होत्या.

"काल संध्याकाळी फाट्यावर गेली होती. जागा मोजून आनली. येवढा बेंच मावते तिथी. सांगजो त्याईले."

कवडूने सुतळी घेतली आणि खिशात घातली. मग गाणं लावून गाडी पुढे काढली.

पुढे श्रावणात पावसाने ठाण मांडलं. बोडी तुडुंब भरली आणि सांडव्यावरून पाणी पडू लागलं. पाऊस उघडला त्या सकाळी कवडू गाडी घेऊन पाळीमागे गेला आणि बघतच राहिला. खड्डा स्वच्छ होता. कुणी विसळून ठेवावा तसा रिकामा. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. चला, निसर्गानेच आपलं ओझं उचललं. मग त्याने सांडव्याचं पाणी जिकडे वाहत होतं तिकडे पाहिलं. खाली भाताची खाचरं, म्हणजे बांध्या, होत्या. सांडव्याला लागूनच्या पहिल्या दोन सुमनबाईंच्या. आज त्यांच्याकडे भाताची रोवणी होती आणि रोवणाऱ्या बायकांत कवडूची बायको शकुन होती.

गाडी तिथेच सोडून तो चिखलातून धावत सुटला.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. बायका ओळीने वाकून भाताची रोपं, पऱ्हे, रोवत होत्या आणि हाताला लागेल ते मागे धुऱ्यावर फेकत होत्या. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, पन्न्या. हसणंखिदळणं चाललं होतं. "शकुन वो, तुह्या नवऱ्याची गाडी तं बांधीतच आली!" एकीने हाळी दिली. शकुन हसली नाही. तिच्या हातात गाळाने माखलेला एक बिंडा होता. तिने तो पाण्यात हिसळला आणि चौकड्याची चिंधी दिसू लागली.

सुमनबाई चहाची किटली घेऊन धुऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली आणि हात पुढे केला. शकुनने बिंडा दिला. मग दुसरीने एक दिला. मग आणखी एक आला. काही नवे होते, काहींच्या चिंध्या कुजून हातात तुटत होत्या. सुमनबाईंनी एक पन्नी उलगडून तिचं टोक पाहिलं. टोक होतं. आपला नवरा गेल्यापासूनचे सगळे दिवस त्यांच्या हातात परत आले होते आणि त्यांना चिखलाचा वास येत होता.

"कवडू, ह्या तं नागपूरले गेल्या होत्या न?"

"एखादा बिंडा गाडीतून पडला असन जी बाई," कवडू म्हणाला. तेवढ्यातही जीभ थापच मारून गेली.

"येवढे?"

बायकांचं हसणं थांबलं. कवडूने मान खाली घातली. शर्टाच्या खिशात सुतळी होती. खिशावरून तिची गाठ दिसत असेल असं त्याला वाटलं आणि त्याने नकळत खिसा हाताने झाकला.

"मंग बेंच..." सुमनबाई म्हणाल्या. ओरडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर कवडूने त्यांचे पाय धरले असते. त्यांनी सगळे बिंडे पदरात गोळा केले. "चाला वो बायानो, चहा घ्या अन् हात चालवा. रोवना खोळंबते," म्हणाल्या, आणि कवडूलाही कपात चहा ओतून दिला. तो चहा त्याला प्यावा लागला.

संध्याकाळी शकुनने ताट वाढलं, पण ती समोर बसली नाही. चुलीपाशी पाठ करून उभी राहिली.

"पन्न्या खड्ड्यात टाकतो, हे मले मालूम होतं," ती म्हणाली. "सारेच टाकतेत. पन त्या बाईसंगं खोटं काहून बोल्ला जी तुमी? तिनं का घोडं मारलं होतं तुमचं?"

"खरं सांगतलं असतं तं तिनं धुनं सोडून देल्लं असतं."

"मंग सोडू द्यायचं होतं. पाय दुखतेत तिचे. उकिडवी बसून राख घासे ते."

कवडूने भात कालवला आणि तसाच ठेवला. "साऱ्या गावाचा घान माल माह्या हातात येते," तो म्हणाला. "कोनी जवळ येऊन देत नाई. ते एकटीच धुतलेलं देत होती. हातात. मले बरं वाटे." ताट जरा सरकवत म्हणाला, "बेंच-फेंच काई नाई. मले बरं वाटे मनून बोल्लो."

शकुनने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला होता आणि कीवही आली होती. तिने त्याच्या ताटात वरण वाढलं.

सकाळी गाडी काढू नये असं त्याला फार वाटलं, पण पोट कुणाला चुकलं आहे? गल्लीत बातमी पोहोचलेली दिसत होती. काही बायकांच्या हातात दोन बादल्या होत्या, काहींच्या एकच. सुमनबाईंच्या अंगणातली दोरी मोकळी होती. नुसते चिमटे होते.

त्या बाहेर आल्या. हातात एकच बादली.

"जयभीम बाई."

"जयभीम." त्या गाडीजवळ आल्या आणि आधी हिरव्या डब्याकडे, मग निळ्याकडे पाहिलं. "कोनत्याई डब्यात टाकलं तं चालते न?"

हा प्रश्न त्यांनी टोमणा म्हणून विचारला नव्हता. अंगणवाडीत नवा नियम आला की त्या जशा खात्री करून घेत, तशाच त्यांनी विचारलं होतं. त्यांनी बादली हिरव्या डब्यात पालथी केली. दोडक्याच्या साली, चहाचा चोथा, आणि त्यातच दुधाची पन्नी.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "राखबी वाचली अन् पानीबी." आणि गुडघ्यावर हात ठेवत पायरी चढून आत गेल्या.

कवडूने गाणं लावलं नाही. गल्लीच्या टोकाला हातपंप होता, तिथवर तो गेला. हिरव्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्याने ती पन्नी शोधून काढली. चोथ्यात बरबटलेली, आंबूस वासाची. एका हाताने दांडा दाबत आणि दुसऱ्या हाताने पन्नी धारेखाली धरत त्याने ती धुतली. राख नव्हती, म्हणून बोटांनीच घासली. पन्नी स्वच्छ झाली तेव्हा त्याने पाहिलं, टोक तिला धरूनच होतं. काल एवढं झाल्यावरही, सकाळी दूध तापवताना त्या हातांनी नुसता चिराच दिला होता.

त्याने दांडा सोडला. पंपाची धार थांबली. मग त्याने गाडी उलटी वळवली आणि सुमनबाईंच्या कुंपणाशी परत आला. दार लोटलेलं होतं. कुंपणावरून हात लांबवून त्याने पन्नी दोरीवर टाकली आणि चिमटा लावला. खिशातली सुतळी काढली, तिच्या दोन्ही गाठी एकदा अंगठ्याने चाचपल्या आणि तीही शेजारच्या चिमट्याला अडकवली. ती खिशात ठेवायचा अधिकार आता आपल्याला नाही, एवढं त्याला कळत होतं.

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबला.

कवडूने वर पाहिलं नाही. बॅटरी सुरू न करता गाडी ढकलतच त्याने पुढच्या घरापर्यंत नेली. मागे मोकळ्या दोरीवर एकच पन्नी वाऱ्याने हलत होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.