गुळाचा खडा विरघळेपर्यंत

अहो, जरा थांबा की! पाणी प्यायलात आणि लगेच निघालात? मी बोलतोय, हा तुमच्या समोरचा वाकडा रांजण.

ब्रह्मदेशातल्या या म्यिंजानच्या रस्त्यावर, चिंचेखाली मी बसलोय, त्याला सोळा वर्षं झाली. नदीपलीकडच्या एका कुंभारणीनं मला थापटून थापटून घडवलं. भट्टीत अंग जरा कललं, म्हणून बाजारात मला कुणी विचारेना. आमच्या मालकांनी, म्हणजे ऊ थाउं यांनी, उचललं. "असू दे वाकडा, पाणी गार लागलं की झालं," म्हणाले.

वाटसरूंसाठी पाणी भरून ठेवणं हे आमच्याकडे पुण्याचं काम. पण मालकांना पुण्यापेक्षा गप्पांची हौस भारी. माझ्या शेजारी ते ताडगुळाचा डबा ठेवायचे. खडा तोंडात विरघळेपर्यंत माणूस उठत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. तेवढ्यात यांचं सुरू, "जेवलास का? कुठून आलास? बैल का लंगडतोय?"

मालकीणबाई, दॉ ओन-ची, घरातून ओरडायच्या, "अहो, पाणी द्यायचं सोडून त्याचं अख्खं खानदान काय विचारताय?"

"अगं, एवढ्या उन्हातून आलाय. एक शब्द विचारला तर माझं काय जातंय?"

कांद्याचा ट्रक चालवणारा म्यात-सो असाच थांबायचा. दोन खडे खायचा, पण बोलायचा नाही. पाचव्या की सहाव्या खेपेला त्याच्या तोंडून निघालं, "मुलीनं पळून जाऊन लग्न केलं, काका. तीन वर्षं तोंड पाहिलं नाही तिचं."

मालकांनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "स्वयंपाक बरा करते का रे?"

"आंबट भाजी तर अशी करते...!" म्हणत म्यात-सोनं तिसरा खडा उचलला.

"मग एकदा जेवून ये की तिच्याकडे."

त्यानंतर महिनाभरातच मालक गेले. सकाळी मला भरलं, दुपारी आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मालकीणबाई मला भरत राहिल्या, पण पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना. डबा आत गेला. लोक यायचे, घटाघटा प्यायचे, निघून जायचे. दिवसभर चार शब्द कानावर पडत नसत. खरं सांगतो, मला करमेना.

एके दिवशी म्यात-सो आला. थेट दारात जाऊन उभा राहिला. "मावशी, काका कुठायत? त्यांना सांगायचंय, मी जेवून आलो! नात झालीय मला!"

मालकीणबाईंनी दाराची कडी घट्ट धरली. मग म्हणाल्या, "मठात गेलेत. वर्षावासाला."

आमच्याकडे म्हातारे पावसाळ्यात मठात राहतातच, त्याला शंका कशी यावी? "तीन महिन्यांनी येतोच मग," म्हणून तो हसत हसत गेला. बाई मात्र माझ्याजवळ येऊन बसल्या, माझ्या ओल्या अंगावर हात ठेवून. एकदा 'नाहीत' म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं ना. तेवढंच त्यांना नको होतं.

वर्षावास संपला. पौर्णिमेला घरोघरी दिवे लागतात आणि लहान माणसं थोरांच्या पाया पडायला जातात. बाई विसरल्या होत्या, म्यात-सो विसरला नव्हता. ट्रकमधून तो उतरला, मागून त्याची मुलगी, कडेवर तान्ही पोर. हातात नारळ, केळ्यांचा घड आणि मालकांसाठी कोरी लुंगी.

"काकांना बोलवा, मावशी. पोरीला त्यांच्या पायावर घालायचंय."

बाई दाराला धरून उभ्या राहिल्या. "ते नाहीत रे," त्या म्हणाल्या. "तू आलास तेव्हाही नव्हते. मी खोटं बोलले तुझ्याशी." आणि चार महिन्यांचं साठलेलं रडू एकदम बाहेर आलं.

म्यात-सोनं कोरी लुंगी उंबऱ्यावर ठेवली. मुलगी पुढं आली, आणि तिनं बाळाला बाईंच्या पायावर घातलं. "आजी, आजोबांमुळेच माझे बाबा माझ्याकडे जेवले."

बाईंनी पोरीला उचललं. तिच्या गालाला गाल लावून उभ्या राहिल्या कितीतरी वेळ. मग आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. गूळ जुना, पार चिकटून बसलेला. दगडानं फोडून एकेकाच्या हातावर ठेवला, आणि खांद्यावरच्या फडक्याला नाक पुसत विचारलं, "रस्त्यात काही खाल्लंत का? ही झोपते का गं रात्री?"

अगदी मालकांचाच सूर!

आता माझ्या बुडाला चीर गेलीय. पाणी थेंबथेंब पाझरतं, चिंचेच्या मुळाशी जातं. पुढल्या उन्हाळ्याला माझ्या जागी दुसरा रांजण असेल. त्याचं मला काही वाटत नाही. पण तुम्ही बसा. डबा उघडा आहे, खडा तोंडात टाका. त्या बघा, बाई येतायत. काय विचारतील ते मला पाठ आहे. तुम्ही फक्त उत्तर द्या, आणि मग त्यांनाही विचारा, जेवलात का म्हणून.