झुलाल मिस्तरीने जोडलेली मोटार

त्या वर्षी नवरात्राच्या आगेमागे सोनगीरच्या लोकांना मोटारीच्या भोंग्याने अगदी वीट आणला. आग्रा रोडच्या कडेला झुलाल मिस्तरीचं पत्र्याचं छप्पर होतं. तिथून भोंगा सकाळी वाजे, भर दुपारी वाजे, आणि धुळ्याची मोटार आली असं समजून बाया गाठोडी डोक्यावर घेऊन पळत सुटत. येऊन बघतात तर मोटार कसली? दोन मोटारींची हाडं उघडी पडलेली आणि झुलाल नाना त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेले. बाया बडबडत परत जात. "नानाले भोंगाना नाद लागेल शे," असं कोणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. भागाबाईने, म्हणजे नानांच्या बायकोने, ते ऐकलं तेव्हा तिला उलट हायसं वाटलं. नाद म्हणोत, खूळ म्हणोत. खरं कारण कळण्यापेक्षा हे परवडलं.

खरं कारण असं होतं, की झुलाल नानांना दिसत नव्हतं.

एक डोळा बॅटरीच्या तेजाबाने जाऊन बरीच वर्षं झाली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला होता, ते फक्त भागाबाईला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकला नाही, पिकला की काढू. बागेतल्या फळाची पाहावी तशी नवराबायको त्या मोतीबिंदूची वाट पाहत होती. तोवर उजेड आणि सावली एवढंच नानांना कळे, आणि माणूस बोलला की ओळखू येई. मिस्तरीला दिसत नाही ही बातमी एकदा रस्त्याला लागली असती तर छपराखाली कोण कशाला आलं असतं? शेत भाऊ कसत होता, भाकरीचा प्रश्न नव्हता. पण हात रिकामे टाकून ओट्यावर बसलेला नवरा भागाबाईला मनातही आणवत नसे. ह्या माणसाला उपाशी ठेवलं तर चालेल, बिनकामाचा ठेवला तर तो जगायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि काम आलं होतं तेही भलतं नामी.

लढाई चालू होती. विलायतेचं लोखंड तोफांना पुरत नव्हतं, तिथे मोटारीच्या सुट्या भागांना कोण विचारतो? धुळ्याचे रुपचंद शेठ धुळे-पिंपळनेर मोटार चालवत. त्यांच्या मोटारीचं इंजिन अमेरिकन, रेड्यासारखं दणकट, पण वरचा सांगाडा वाळवीने खाल्लेला आणि दिवे एका झाडावर आपटून फुटलेले. शेठने खटपट करून जळगावकडच्या एका केळीवाल्याची पडीक विलायती मोटार आणली. तिचं लाकडी अंग धडधाकट, दिवे परातीएवढे, इंजिन मात्र फुटलेलं. एकीचं इंजिन घ्यायचं आणि दुसरीचं अंग नि दिवे.

"मिस्तरी, दिवाळीच्या आत दोन्हींची मिळून एक मोटार करून द्या," शेठ म्हणाले. "तोवर गाडी रस्त्यावर आली नाही तर सरकार माझा मार्ग दुसऱ्याला देईल. आणि दिवे नीट हवेत. थंडीच्या दिवसांत पिंपळनेर गाठेपर्यंत अंधार पडतो, रस्ता जंगलातला."

नाना हो म्हणाले. भागाबाई दाराआडून ऐकत होती.

लोखंडाला लोखंड जोडायचं काम गावच्या लोहाराला हाताशी घेऊन नानांनी उरकलं. लोहार आपल्या ठिणग्यांत दंग, त्याच्या काही ध्यानात आलं नाही. खरी मेख वायरींत होती. दोन्ही मोटारींतून वायरींच्या जुड्या बाहेर आल्या होत्या, प्रत्येकीवर सुताचं विणलेलं वेष्टण, कधीकाळी रंगीत. रंग सांगायला म्हणून भागाबाई पदर खोचून शेजारी बसली. आपल्या डोळ्यांवर आता सगळी भिस्त, असं तिला वाटत होतं आणि त्याचा थोडा तोराही होता.

"हाई कोणता रंग?" नानांनी विचारलं.

"मातीना."

"आनी हाई?"

"हाई बी मातीनाच. बठ्ठ्या सारख्याच शेतस."

नाना हसले. "मंग तुना डोया आनी मना डोया, काय फरक?"

खानदेशच्या उन्हाने सगळ्या रंगांची एकच गत केली होती. डोळस मिस्तरीसुद्धा तिथे डोकं धरून बसला असता. नानांनी वायर बोटांत धरली आणि अंगठा तिच्यावरून हळूहळू फिरवत नेला. अमेरिकन वायरीतल्या तारा जाड आणि मोजक्या, विलायतीतल्या बारीक आणि पुष्कळ. एकीचं वेष्टण खरखरीत, दुसरीचं मऊ. नाडी बघताना वैद्य मान कलती करतो तशी त्यांची मान कलती होई. आतली तार कुठे तुटली आहे ते वेष्टण न सोलता ते सांगत, आणि सोलून पाहिलं की तार तिथेच तुटलेली निघे. भागाबाईने दोनदा खात्री केली, मग नाद सोडला.

कोणती वायर कुठून निघते आणि कुठे पोचते हे बघायला दुसरे मिस्तरी छोटा दिवा लावतात. दिवा पेटला की वायर सापडली. नानांना दिव्याचा काय उपयोग? त्यांनी दिव्याच्या जागी भोंगा जोडला. वायरीचं एक टोक बॅटरीला, दुसरं भोंग्याला. ओरडला तर वायर तीच. एवढंच नव्हे, भोंगा कसा ओरडतो त्यावरून वायरीची तब्येतही त्यांना कळे. खणखणीत वाजला तर वायर निरोगी. घसा बसल्यासारखा वाजला तर आत अर्ध्या तारा गेलेल्या. सापडलेल्या वायरीला ते सुताची गाठ मारून ठेवत, दिव्याची गाठ वेगळी, इंजिनाची वेगळी. गावाला वाटे, म्हातारा पोरासारखा भोंगा वाजवत बसलाय.

दोन्ही मोटारींचं वागणंही एक नव्हतं. विलायती मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी, वीज एकीने जाणार, दुसरीने परत येणार. अमेरिकन मोटारीत एकच. भागाबाईला वाटलं, दुसरी कोणी चोरली.

"चोरी नही," नाना म्हणाले. "आठे वीज लोखंडवरतीन परत येस. पन आपला दिवा लाकूडवर शेतस. लाकूडवरतीन ती कशी येई?"

म्हणून त्यांनी प्रत्येक दिव्यापासून खालच्या लोखंडापर्यंत जाड तांब्याची तार नेली, दिसू नये अशी लाकडाच्या खाचेतून. विलायती दिव्यांना दुप्पट जोराची बॅटरी लागे, तेव्हा आतले काचेचे गोळे काढून अमेरिकन गोळे बसवले. एका मोटारीची एकेक खोड दुसरीच्या अंगवळणी पाडत हा माणूस बसला होता, आणि भागाबाई त्याच्याकडे बघत राही. इतकी वर्षं संसार केला, पण ह्या हातांना काय काय येतं ते तिने कधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. तिला नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि ह्या वयात तो वाटतोय म्हणून थोडी लाजही वाटली.

एक गोष्ट मात्र नानांच्या हाताबाहेरची होती. वायरींची टोकं सोलून, तारा एकमेकींत विणून ते सांधा घट्ट पिळत, पण त्याच्यावर वितळलेल्या कथलाचा झाळ देऊन तो पक्का करायला नजर लागते. ते काम भागाबाईकडे आलं. निखाऱ्यात तापवलेली कांडी, कथलाची तार आणि राळ. आधी राळ लावायची, मग कथील पाघळवायचं. पण कथील काही बसेना, मण्यासारखं गोळा होऊन घरंगळे. ती रडकुंडीला आली.

आता सोनगीर म्हणजे तांबटांचं गाव. तांब्यापितळेची भांडी तिथे घडायची, कल्हई तिथे व्हायची, आणि नवसागराचा वास तर गावच्या हवेतच होता. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की कथील एका पुसण्यात चांदीसारखं पसरतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. भागाबाईच्या फडताळात नवसागराचा खडा होताच. नाना जेवून आडवे झाले तशी तिने तो आणला आणि सांध्याला चोळला. कथील असं सरसर पसरलं की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग एकेक करून तिने सगळे सांधे नवसागरानेच उरकले. नानांना सांगितलं नाही. तक्रार न करता काम झालं, सांगायचं काय त्यात?

दसरा झाला. मोटार सुरू झाली, भोंगा खणखणला, दिवे लागले. नानांनी काचेला तळवा लावून ऊब घेतली आणि मान डोलावली. शेठला निरोप धाडायचा तेवढा राहिला होता.

थोड्याच दिवसांत भोंग्याचा घसा बसला.

नाना बराच वेळ ऐकत राहिले. मग ड्रायव्हरसमोरच्या फळीखाली हात घालून त्यांनी एक सांधा चाचपला. बोटाला भुकटी लागली. ती त्यांनी जिभेवर ठेवली.

"हाई नवसागर शे ना वं?"

भागाबाईने वाकून पाहिलं, सांध्यावर हिरवा बुरा चढला होता. सगळ्याच सांध्यांवर.

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "भांडं आपण घासतस," ते म्हणाले, "त्यामुये नवसागर धोवाई जास. वायरले कोण घासी? तठे तो बशीसन तांबं खास." मग थोडं थांबून म्हणाले, "चाल. कात्री दे."

सगळे सांधे कापले. हिरव्या तुकड्यांची एक थाळी भरली. आखूड झालेल्या वायरींना तुकडे जोडावे लागले, म्हणजे सांधे आधीपेक्षा जास्त. पुन्हा राळ. ह्या वेळी नानांनी तिचं मनगट धरलं. राळ कशी चुरचुरते ते ते कान देऊन ऐकत आणि नेमक्या क्षणी म्हणत, "आते लाव." तिने लावलं की कथील आपोआप तारांत शिरे. कांडी पुरेशी तापायच्या आत ती घाई करत होती, एवढीच तिची चूक होती. दिसणाऱ्या बाईला ते दिसलं नव्हतं.

शेठ आले ते दिवाळी अगदी तोंडावर आली तेव्हा, दिवेलागणीला. बरोबर धनसिंग ड्रायव्हर होता, शिंदखेड्याकडचा, अबोल गडी. त्याने मोटार सुरू केली, पुढे नेली, मागे आणली, दिवे लावले. समोरच्या निंबाचं पान न् पान उजळलं. शेठ खूश होऊन छपराभोवती फिरत असताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या थाळीवर पडली.

"मिस्तरी, हे हिरवं काय?"

"आधीचे सांधे, शेठ. कापून टाकले. नवसागर लागला होता," नाना म्हणाले. "माझी चूक झाली. म्हणून उशीर."

शेठचा चेहरा बदलला. भांड्यांच्या गावात त्यांचीही ये-जा होती, मोटारीही ते वर्षानुवर्षं बाळगून होते. "तुम्ही? वायरीला नवसागर?" ते सावकाश म्हणाले. "नवशिकाही असं करत नाही. मग आत आणखी काय काय केलं असेल? माझ्या गाडीत माणसं बसतात, मिस्तरी."

नानांचे हात खाली लोंबत होते, आणि ते लोंबणारे हात भागाबाईला बघवेनात. न बोलावं तर नवऱ्याचं कसब बदनाम होतंय. बोलावं तर त्याचं काम जातंय. आपल्या चुकीखाली हा माणूस आपली सगळी हयात गाडून घ्यायला निघालाय, एवढंच तिला त्या वेळी कळलं. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलली नव्हती. ती पुढे आली.

"शेठ, नवसागर मी लावा. त्यास्ले ठाऊक नही व्हतं. झाळ मी देस, कारन त्यास्ले दिखस नही. दुसरा डोया बी गया. पन बाकी बठ्ठं काम त्यास्नं शे. एक बी वायर मी वयखी नही."

शेठने नानांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग लखलखत्या दिव्यांकडे, पुन्हा डोळ्यांकडे. त्यांना वाईटही वाटत होतं आणि भीतीही, आणि दोन्ही खरी होती.

"चालवणार तू आहेस," ते शेवटी धनसिंगला म्हणाले. "तूच सांग."

धनसिंगने इंजिन बंद केलं. पुढचं झाकण उघडलं, बाह्या सारल्या आणि सांध्यांना हात घातला. हळू नाही, बैलाचा कासरा ओढावा तसा एकेक सांधा त्याने हिसडून पाहिला. भागाबाईने डोळे मिटून घेतले. एकही सांधा हलला नाही. मग तो गाडीखाली शिरला, लाकडातल्या खाचेत लपवलेली तांब्याची तार त्याला सापडली, तिच्यावरून बोट फिरवत तो दिव्यापर्यंत आला. अजून तपासायचे सांधे बाकी होते, पण त्याने झाकण लावून टाकलं.

"शेठ," तो हात पुसत म्हणाला, "मनी घरवालीले बाळंतपणले पिंपळनेरले धाडनी शे. मी तिनाकरता बैलगाडी सांगेल व्हती. आते नको. ती याच मोटारमा येई, पहिली खेपले."

शेठने मान खाली घातली आणि ती हलवली, होकाराची.

नानांनी आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. हात कुठे ठेवावे ते अजून त्यांना सुचत नव्हतं.

"तिले मधला बाकवर बसाड," ते धनसिंगला म्हणाले. "मांगे हादरा फार लागस."

भागाबाईला रडू फुटलं. तिने ते लपवलंही नाही.