अकराव्या किलोमीटरचं टेबल

वेटरदादांनी मॅरेथॉनसाठी एक दिवसही सराव केला नव्हता. "वीस वर्षं हॉटेलात दिवसभर पळतोय, अजून कसला सराव?" बायकोनं कपाळावर हात मारला. घरी तिनं साधं पाणी मागितलं तरी हा माणूस सोफ्यावरून हॉटेलातल्यासारखं म्हणायचा, "ते टेबल माझं नाही!"

दहा किलोमीटर स्वारी ऐटीत पळाली. अकराव्याला पोटऱ्यांनी संप पुकारला आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी ओरडलं, "पाणी!" वीस वर्षांची सवय, वेटरदादा गर्रकन वळले. रस्त्याकडेच्या पाण्याच्या टेबलामागे दोन मुली पार गोंधळून गेल्या होत्या आणि समोर पन्नास धावपटू हात पुढे करून उभे. दादांना राहवेना. त्यांनी सरळ ट्रेच उचलला. "आलो साहेब! ताई, तुमचं आणलंच!"

शेवटचा धावपटू पाणी पिऊन गेला, तेव्हा दुपार झाली होती. टेबल पुसून दादा बसने घरी आले आणि सोफ्यावर कोसळले. पाय हलेनात, पण चेहरा खुलला होता. "सगळ्यांना पाजलं गं, एक ग्लास सांडला नाही! आता मला जरा पाणी दे."

बायकोनं पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"ते टेबल माझं नाही."