पानादादांनी पाडून दिलेला भाव

मोजणीबाईंचा उजवा गुडघा चौपन्नाव्या वर्षी संपावर गेला. तीस वर्षं भूमापन खात्यात नोकरी, म्हणजे तीस वर्षं लोकांच्या बांधाबांधांवरून पायपीट. त्यामुळेच त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. घरी नवराही म्हणे, फक्त चिडवायचं असलं की. पण गुडघा नोकरीने खाल्ला नव्हता. तो रविवारांनी खाल्ला होता. दर रविवारी सकाळी दगडखाणीमागच्या टेकडीवर डोंगरी सायकल घेऊन जायचं, घामाघूम होऊन माथा गाठायचा आणि झाडांमधून खाली सुटायचं, हा त्यांचा चौदा वर्षांचा नेम होता.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून सांगितलं, “उतार चालेल. चढ विसरा.”

“उताराला जायचं तर आधी वर पोचावं लागतं, डॉक्टर.”

“मग मोटर लावा,” डॉक्टर गमतीने म्हणाले. बाईंनी ते गमतीत घेतलं नाही.

त्या तडक पानादादांकडे गेल्या. दादांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, आणि मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असे म्हणून हे नाव पडलेलं. चौदा वर्षांतले बहुतेक रविवार दादा बाईंच्या पुढे नाहीतर मागे असत. बाई पडल्या तेव्हा त्यांचा खांदा दादांनीच आपल्या शर्टाने बांधला होता, आणि दादांची बायको आजारी होती तेव्हा बाईंच्या घरून महिनाभर त्यांचा डबा जात होता. ते बाईंना ताई म्हणत आणि बाई त्यांना दादा. कोण वयाने मोठं, हे कुणी कधी मोजलं नव्हतं.

“नवी घेऊ नका,” दादा म्हणाले. “चार लाख ऐंशी हजार सांगतात. लूट आहे नुसती. थांबा, मी वापरलेली शोधून देतो. आणि ताई, एक करा. भाव करताना तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.”

दहा दिवसांत दादांचा फोन आला. हॉटेलात मॅनेजर असलेला एक गृहस्थ, त्याला बदलीमुळे इलेक्ट्रिक सायकल विकायची होती. मोठं नाव असलेली कंपनी, कार्बनचा सांगाडा, मधोमध मोटर, पुढेमागे दणके खाणारे शॉक. गृहस्थाच्या गॅरेजमध्ये ती भिंतीला टेकून उभी होती, निळसर राखी. बाईंना ती बघताक्षणी हवीहवीशी वाटली आणि त्यांनी लगेच नजर छताकडे वळवली.

“दोन लाख नव्वद,” मॅनेजर म्हणाला. “फक्त सुट्टीच्या दिवशी वापरलीय. बघा, साडेसहाशे किलोमीटर जेमतेम.” त्याने हँडलवरचा छोटा पडदा चालू करून दाखवला.

दादा गुडघ्यावर बसले. साखळी बोटाने ताणून पाहिली, मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं. मग हात पुसत उठले.

“दोन लाख.”

“अहो, काहीतरीच काय.”

“ब्रेकचे पॅड गेलेत. मागच्या शॉकला तेल दिसतंय. टायर बदलावे लागतील. ही बाई काय शोभेला ठेवणार आहे का सायकल? टेकडीवर जाते ती.”

“दोन ऐंशीच्या खाली मला परवडत नाही.”

“चला ताई,” दादा म्हणाले आणि खरोखर चालू लागले. बाई ओशाळून त्यांच्या मागे गेल्या. फाटकापर्यंत पोचल्यावर मॅनेजरने हाक मारली. मग पुन्हा आत, पुन्हा दोघांची जुंपली. एकदा तर दादांचा आवाज इतका चढला की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. शेवटी दोन लाख चाळीसवर सौदा ठरला. मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाला, “तुमच्यासारखा माणूस बरोबर असला तर विकणाऱ्याने घरीच बसावं.”

आयुष्यात त्यांच्यासाठी इतकं भांडलेलं माणूस त्यांना दुसरं आठवेना. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळा प्रसंग साभिनय करून दाखवला. दादांचं ते “चला ताई” तर त्यांनी दोनदा करून दाखवलं. नवरा म्हणाला, “एवढ्यात जुनी चारचाकी आली असती, छतासकट.” पण पहिल्या रविवारी बायको चार महिन्यांनी टेकडीचा माथा पाहून घरी आली, तेव्हा तिचा चेहरा बघून त्याने चारचाकीचा विषय पुन्हा काढला नाही.

महिनाभराने चढावर मोटर मधेच दचके देऊ लागली. क्षणभर बंद पडे, पुन्हा लागे. दादा म्हणाले, “त्यातलं सॉफ्टवेअर तसंच असतं. होईल आपोआप नीट. कंपनीच्या सेंटरला मात्र नेऊ नका, खिसा कापतात.” बाईंनी मानलं. पण एका सकाळी मोजणीचं काम नेमकं त्या सेंटरच्या गल्लीत निघालं, तेव्हा त्यांनी सायकल ऑफिसच्या गाडीत टाकून बरोबर नेली. दादांचं म्हणणं खोटं पाडावं असं त्यांच्या मनातही नव्हतं.

सेंटरमधल्या मेकॅनिक मुलीने मोटरला वायर जोडली आणि संगणकाकडे बघत विचारलं, “भाड्याने देता का तुम्ही ही?”

“नाही. का?”

“पाच हजार एकशे चाळीस किलोमीटर झालेत ना.”

“साडेसहाशे,” बाई म्हणाल्या. “आता फार तर आठशे.”

“तो पडद्याचा आकडा. पडदा मधे बदललाय, म्हणून तो शून्यापासून मोजतोय. मोटर स्वतःचं वेगळं मोजते. बॅटरीही दमलीय बरीच.” मुलीने जुनी नोंद उघडली. “पडदा आमच्याकडेच बदललाय, उन्हाळ्याच्या सुरुवातीला. गिऱ्हाईक पडलं म्हणून. हे बघा, मालकाच्या जागी दुकानाचं नाव आहे.”

ते नाव बाई चौदा वर्षं दुकानाच्या पाटीवर वाचत होत्या.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, “या दुकानाने ती कुणा हॉटेल मॅनेजरला विकली असेल, नाही का?”

“मालक बदलल्याची नोंद नाही. ज्याने सायकल आणून सोडली त्याचा फोन नंबर आहे फक्त.” तो नंबर मॅनेजरचा होता. नावापुढे कंसात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, मालकाचे साडू.

बाईंनी अहवालाचा कागद छापून घेतला, घडी घातली आणि त्या दिवशीची मोजणी पूर्ण केली. फीत धरलेल्या सहकाऱ्याला त्यांनी दोनदा चुकीचा आकडा सांगितला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ते गॅरेज येत होतं. आवाज चढवणारे दादा, कपाळाला हात लावणारा साडू, आणि मधे छताकडे बघत उभी असलेली आपण.

दुपारी त्या दुकानात गेल्या. दादा चाकाच्या तारा आवळत होते. बाईंनी कागद टेबलावर ठेवला. दादांनी तो वाचला, चाक खाली ठेवलं, आणि हात पुसले.

“किंमत रास्त होती, ताई,” ते म्हणाले. “बाजारात विचारून बघा कुठेही.”

“साडेसहाशे किलोमीटरची रास्त होती. पाच हजारांची नव्हती.”

“पडदा मी मुद्दाम नाही बदलला. तो फुटलाच होता.”

“आणि मला सांगितलं नाही, ते?”

दादांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

“तुमची होती तर तुम्हीच का नाही विकलीत? मी नाही म्हटलं असतं का?”

“तेच तर,” दादा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “तुम्ही म्हणाला असतात, दादा, सांगाल तो भाव. मग मला भाव सांगता आला असता का? निम्म्यात द्यावी लागली असती. भाड्याचा धंदा बसला, तीन सायकली अंगावर पडल्या होत्या. बाकीच्या दोन पडेल भावात गेल्या.”

बाई स्टुलावर बसल्या. फसवलं हे त्यांना सकाळीच कळलं होतं, पण कशापायी ते आत्ता कळलं. त्यांचा विश्वास या माणसाला महाग पडला असता, म्हणून त्याने तो टाळून वाट काढली होती.

“सायकल परत द्या,” दादा म्हणाले. “पूर्ण पैसे देतो. आठवडा द्या फक्त.”

“सायकल मला आवडते. ती मी ठेवणार. आता भाव करा.”

“काय?”

“माझ्याशी. तुमच्या सायकलीचा. त्या दिवशी मी तोंड उघडलं नव्हतं.”

“ताई, तुम्ही म्हणाल ते देतो, कशाला उगाच—”

“नाही. विकणाऱ्यासारखं बसा समोर.”

दादा बसले. बाईंनी कागद उलगडला आणि सर्व्हेच्या नकाशावर बोट ठेवावं तसं एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. बॅटरीची पाचवा हिस्सा ताकद गेलेली. भाड्याने वापरलेली. पडलेली. मोटरचं बेअरिंग बदलायला झालेलं, दचके त्याचेच. त्या म्हणाल्या, पावणेदोन लाख. दादा पहिल्यांदा नुसते हो म्हणाले. बाईंनी ते मानलं नाही.

“सांगाडा चांगलाय. शॉक ठीक आहेत, तेल कुठे गळत नाही, ते धरा,” त्या म्हणाल्या. “धंदा करताय ना तुम्ही? मग करा.”

मग दादांनी खाली मान घालून दोन लाख दहा म्हटलं. पाऊण तास ते चाललं. एकदाही कुणाचा आवाज चढला नाही. एक लाख पंचाण्णववर दोघं थांबले. दादांनी तिथल्या तिथे मोबाइलवरून पंचेचाळीस हजार परत पाठवले. बाईंनी जमा झाल्याचं बघितलं आणि उठल्या.

“रविवारी याल ना?” दादांनी विचारलं.

“टेकडी काय कुणाच्या मालकीची नाही,” बाई म्हणाल्या.

नवरा रागाने लाल झाला. जाऊन त्याला चार शब्द सुनावतो म्हणाला. बाईंनी अडवलं. पैशांचं दुखणं तर मिटलंच होतं. दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना त्यांना जुन्या गोष्टी आठवत. त्या वर्षी बदललेला गिअर खरंच झिजला होता का? पुढच्या चाकाचा चिमटा वाकलाय म्हणाले होते, तो त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता का? खांद्याला बांधलेला शर्ट तेवढा खरा होता, एवढं त्या स्वतःला बजावत. मग त्याचाही विचार करत बसत.

बेअरिंग सेंटरमधल्या मुलीने बदलून दिलं. त्यानंतर बाई शनिवारी जाऊ लागल्या. तीन-चार आठवडे बरे गेले. मग एका शनिवारी टेकडीच्या पायथ्याशी दादा उभे दिसले, शेजारी त्यांची ती साधी जुनी सायकल. बाई थांबल्या. दादांनी सवयीने वाकून बाईंचं पुढचं टायर अंगठ्याने दाबलं, खिशातला छोटा पंप काढला आणि हवा भरली. मागच्यातही भरली. बाई हँडल धरून उभ्या होत्या, इतकी वर्षं उभ्या राहत तशाच.

झाल्यावर दादा सरळ झाले.

“हवेचे किती झाले?” बाईंनी विचारलं.

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. प्रश्न आपोआप आला, आणि तो ऐकून त्या स्वतःच चरकल्या. दादांचा पंपाचा हात तसाच हवेत राहिला.

“ताई, असं नका,” ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली, पण त्यांना तो प्रश्न मागे घेता आला नाही. त्यांनी मोटर चालू केली. चढ लागला. खालून दुसऱ्या सायकलीची साखळी वाजते का, हे त्या पहिल्या वळणापर्यंत ऐकत होत्या. पुढे मोटरचा आवाज तेवढा होता.