चौसष्ट छिद्रांची चाळणी

१७ नोव्हेंबर १९४४, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. जहाजावर माणसे दोनशे एक. माझ्या चाळणीला छिद्रे चौसष्ट, त्यांपैकी एकेचाळीस रंगाने बुजलेली. मित्रांनो, मी पाणी उपसणारा एक जुना पंप आहे, आणि माझी हकीकत या आकड्यांपासूनच सुरू करणे योग्य ठरेल.

माझा जन्म ओहायो राज्यातील एका कारखान्यात झाला. माझे पेट्रोलचे इंजिन दोरी ओढली की सुरू होई. मिनिटाला साठ गॅलन पाणी मी उपसत असे. माझ्या जाड रबरी नळीच्या टोकाला पितळी चाळणी होती. जहाजात पाणी शिरले की त्यावर चिंध्या आणि गाद्यांचा कापूस तरंगू लागतो. तो माझ्या घशात जाऊ नये, एवढेच तिचे काम.

अमेरिकन आरमाराच्या एका लहान लढाऊ जहाजावर माझी नेमणूक झाली. तेथे दर शनिवारी कप्तान तपासणीला येत, म्हणून दर शुक्रवारी खलाशी रंगाचे डबे घेऊन निघत. खारी हवा लोखंड खाते, तेव्हा रंग हवाच. परंतु गंज असो वा नसो, हाताशी येईल ती वस्तू रंगवण्याची त्यांना सवयच जडली होती. मला सांभाळणारा डेलमार हस्किन्स हा नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतावरून आलेला बावीस वर्षांचा तरुण. त्याने मला लाल रंगाचे चार हात दिले, चाळणीसकट. कप्तानांनी माझी स्तुती केली. डेलमारचे वरिष्ठ चीफ ट्वीडी प्रत्येकाला त्याच्या राज्याच्या नावाने हाक मारीत. ते म्हणाले, "नेब्रास्का, पंप झकास दिसतोय. चालतो ना रे?"

"न चालायला काय झालं, चीफ!"

मला पाण्यात चालवून मात्र कोणी पाहिले नाही.

त्या सकाळी फिलिपाइन्सच्या पूर्वेस शत्रूचा तोफगोळा बॉयलरच्या दालनात फुटला. तेथील अकरा माणसे गेली. दालन समुद्राने भरले आणि त्याचा सारा भार शेजारच्या दालनाच्या पोलादी भिंतीवर आला. भिंत फुगू लागली. तिला लाकडी टेकू दिले नाहीत तर ती फुटणार, आणि ती फुटली की जहाज बुडणार. परंतु शेजारच्या दालनातही छातीइतके पाणी साचले होते. ते गुडघ्याखाली गेल्याशिवाय टेकू बसणार नव्हते.

मला वरच्या डेकवर ठेवून नळी खाली सोडली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झाले. पाणी मात्र करंगळीएवढ्या धारेने आले. चीफनी नळी वर ओढली आणि चाळणीकडे पाहिले.

"हिला रंग कुणी फासला?"

"मीच, चीफ."

"वा! कप्तानांच्या परीक्षेत पहिला, समुद्राच्या परीक्षेत नापास. काढ ती!"

ती फिरेना, तिचे आटेही रंगाने धरले होते. डेलमारने कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून ती उडवली आणि खिशात टाकली. नळी पुन्हा पाण्यात गेली. अर्ध्या मिनिटात कापसाच्या बोळ्याने माझा घसा बंद झाला.

"चाळणीवाचून हा चालायचा नाही, आणि तिची भोकं टोकरत बसायला वेळ नाही," चीफ म्हणाले.

"मग मी होतो चाळणी," डेलमार म्हणाला आणि शिडीवरून खाली उतरला.

त्या तेलकट पाण्यात उभे राहून त्याने दोन्ही हातांची बोटे नळीच्या तोंडाभोवती पसरली. चिंध्या येत, तो त्या बाजूस सारी. फुगलेली भिंत त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होती. ती फुटल्यास, खाली कोणीही असो, दालनाचे लोखंडी झाकण तत्काळ बंद करावे, असा चीफना हुकूम होता. दोघांनाही तो ठाऊक होता.

"नेब्रास्का, आहेस का?" चीफ दर दहा मिनिटांनी ओरडत.

"आहे! शेतावर असतो तर एव्हाना जेवायची हाक आली असती."

"इथं आज उकडलेले बीन्स आहेत. तुझं फारसं काही हुकत नाहीये!"

तीन तास वीस मिनिटांनी पाणी गुडघ्याखाली गेले. सुतारांनी टेकू ठोकले. भिंत टिकली. एकशे नव्वद माणसे बंदरात उतरली.

डेलमारच्या उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत. चीफनी त्याच्या पदकासाठी शिफारस लिहिली, तेव्हा 'रंग मीच दिला होता' हे वाक्य त्याने आग्रहाने त्यात घालायला लावले. "गाढवा, पदक जाईल," चीफ म्हणाले. ते गेलेच.

युद्धानंतर मी सव्वीस वर्षे भंगारात पडून होतो. पुढे ओरेगनमधील एका बंदरातल्या संग्रहालयाने मला आणले. युद्धानंतर त्याच गावी स्थायिक झालेल्या डेलमारने जपलेली चाळणी तेथे मला परत बसवली. संग्रहालयाचे लोक दर वसंतात मला हौसेने लाल रंग देतात. त्यानंतरच्या सोमवारी म्हातारा डेलमार खिशात टोचा घालून येई आणि वाकड्या बोटांनी एकेक छिद्र मोकळे करी. तो गेल्यापासून त्याची मुलगी येते.

मित्रांनो, ज्या वस्तूवर कोणाचा जीव विसंबून आहे तिला अवश्य चमकवा. परंतु आधी चालवून पाहा.

गेल्या सोमवारची मोजणी: छिद्रे चौसष्ट, उघडी चौसष्ट.