चिठ्ठीतलं इंजिन

रेसिंग टीम आम्हा दोघांची, अर्धी-अर्धी. पण जिंकायचा कायम निकेतच. नुसता त्याच्या गाडीचा आवाज आला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दिसायला सारख्याच दोन इंजिनांतलं कुणाला कुठलं, ते आम्ही चिठ्ठी काढून ठरवायचो. परवा मुर्धा गावातल्या आमच्या गॅरेजमध्ये आमचा मेकॅनिक नाथाने चिठ्ठ्या काढल्या आणि मी भडकलो.

"दरवेळी चांगलं तुलाच कसं येतं रे? बदल, आत्ताच्या आत्ता!"

निकेतने मुकाट्याने इंजिनं बदलायला लावली. रेस तोच जिंकला.

नंतर नाथा मला म्हणाला, "चांगलं तुमच्याच वाट्याला आलेलं. निकेतभाऊंनीच मला तशी चिठ्ठी काढायला सांगितलेली."

जिंकल्याबद्दल मी त्याला कधीतरी माफ केलं असतं. याबद्दल नाही करणार.