वाघिणीचा नवरा

त्या न्हाव्याला गल्लीत सगळे रेडिओ म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, मानेला कापड गुंडाळलं की कात्रीच्या आधी याची जीभ सुरू. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या सासूने कोणाला घराबाहेर काढलं, सगळी बित्तंबातमी याच्याकडे. माणूस वाईट नव्हता हो. तोंडाला झाकण नव्हतं, एवढंच.

सगळ्यात रंगवून तो सांगायचा ती बायकोची गोष्ट. चौथा महिना चालू असताना तिच्या छातीत गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टरीणबाईंनी परोपरीने समजावलं, की आता औषधं सुरू करता येतात, बाळाला सांभाळून देऊ, पण थांबू नका. बायको म्हणाली, "बाळ हातात येईपर्यंत मी काही टोचून घेणार नाही." मुलगी झाली, चांगली ठणठणीत झाली, आणि ती अकरा महिन्यांची असताना आई गेली. इथवर आलं की रेडिओ वस्तरा थांबवून म्हणायचा, "वाघीण होती माझी बायको, वाघीण!" गिऱ्हाईक फेसाने माखलेल्या तोंडाने मान डोलवायचं.

लेक ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. शाळा सुटली की दुकानातल्या बाकावर दप्तर टाकून बसायची. आईने आपल्यासाठी जीव दिला, हे पोरीला पाढ्यांच्या आधी पाठ. मग ती कसला हट्ट करणार? सहलीला नको, नवे कपडे नकोत, ताप आला तरी सांगायची नाही. लोक म्हणत, किती समजूतदार! बापालाही कौतुकच वाटायचं, मूर्ख कुठला.

पोर वीस वर्षांची झाली. दोन वर्षं घरांचे नकाशे काढायला शिकली आणि एका सकाळी तिला दूरच्या शहरातून नोकरीचं पत्र आलं. पत्र घेऊन ती दुकानात आली तेव्हा खुर्चीत निवृत्त हेडमास्तर होते, बाकावर आणखी दोघं.

"मी नाही म्हणून कळवतेय," ती म्हणाली. "बाबांकडे कोण बघणार?"

"शाब्बास!" हेडमास्तर खुर्चीतूनच ओरडले. "आईवर गेलीय पोर. वाघिणीची वाघीण!"

बाकावरचे दोघंही "वा वा" म्हणाले. लेक हसली. ते हसू रेडिओने आरशात पाहिलं. अगदी असलंच हसू त्याने एकदा पाहिलं होतं.

तेव्हा बायकोला सहावा महिना होता. दुकान भरलेलं. ती दारात येऊन म्हणाली, "अहो, जरा बाहेर येता?" हा म्हणाला, "अगं बोल की, सगळे आपलेच आहेत." ती घुटमळली. मग हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाईंकडे परत जावं म्हणते. औषध घ्यावं." आणि या शहाण्याने भर दुकानात काय म्हणावं? "अगं, वाघीण ना तू? आता माघार घेतेस?" सगळे हसले. कोणी म्हणालं, वहिनी, आम्ही घरोघरी तुमचं उदाहरण देतो. तीही हसली. "तसं नाही, सहज म्हटलं," म्हणाली आणि गेली. पुन्हा तिने विषय काढला नाही, याने विचारलं नाही. पुढे गोष्ट हजारदा सांगितली, पण तेवढा दिवस गाळून.

रेडिओने वस्तरा खाली ठेवला. हेडमास्तरांचा एक गाल अजून फेसात होता.

"मास्तर, जरा गप्प बसा," तो म्हणाला, आणि त्याने लेकीला तो दिवस सांगितला. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.



"म्हणजे आईला जगायचं होतं," लेक म्हणाली.

"हो."

"औषध घेतलं असतं तरी मी झाले असते?"

"डॉक्टरीणबाई तसंच म्हणत होत्या, बाळा. आई वाचलीच असती असं नाही. पण..."

"आणि ती माझ्यामुळे गेली असं समजून मी जगतेय, बाबा. वाढदिवसालासुद्धा गोड घशाखाली उतरत नाही माझ्या. तुम्हाला माहीत होतं!"

म्हणूनच सांगितलं, आता तरी मोकळी हो, असं काहीबाही त्याला म्हणायचं होतं.

"तू जा नोकरीला," जन्मभर वळवळणाऱ्या जिभेवरून एवढंच निघालं.

"जाणारच आहे. तुम्ही म्हणता म्हणून नाही."

चार दिवसांत ती निघाली. त्या चार दिवसांत जेवायला वाढलं, कपडे आवरले, पण कामापुरतंच बोलली. रेडिओ तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेला. बस लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली.

"बाबा, त्या दिवशी दुकानातून जाताना आई रडत होती?"

खोटं बोलायला वाव होता. सवयही होती.

"मी पाहिलं नाही गं," तो म्हणाला. "मी पुढच्या गिऱ्हाईकाला बसवत होतो."

लेकीने त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि ती बसमध्ये चढली.